लागलं तर सांगा

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत हिरवट काचांचे तीन चष्मे खुंटीला टांगलेले असत. एक माझा, एक पेशंटचा आणि तिसरा पेशंटसोबत आलेल्या माणसाचा. लेझर चालू करण्याआधी तिघांनी चष्मे लावायचे, हा नियम. ते चष्मे डोळ्यांवर चढले की सिल्वासातला कुठलाही माणूस, मग तो कंपनीतला फोरमन असो की सरकारी ऑफिसातला साहेब, थोडा विनोदी दिसतो. मला आतून हसू यायचं. पेशंटला मात्र वाटायचं, आता काहीतरी भयंकर होणार.

भयंकर काहीच होत नसे, आणि आमची खरी अडचण तीच होती.

मी मूळची चिपळूणकडची. नवरा इथल्या मराठी शाळेत शिक्षक म्हणून आला आणि त्याच्या मागोमाग मी आले. एका खासगी दवाखान्यात मला काम मिळालं, आणि तिथूनच मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. इथे गुजराती वळणाने प्रत्येक बाई 'बेन' होते, तशी मीही झाले. लेझरचं मशीन आल्यावर मी 'लाइटवाली बेन' झाले. आधी राग यायचा. एवढं शिकून शेवटी लाइटवाली! पुढे सवय झाली.

लेझर म्हणजे कापायचं किंवा जाळायचं हत्यार, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमचं तसं नव्हतं. आमचं पहिलं मशीन डब्याएवढं होतं आणि त्याला पेनासारखी एक कांडी. दुखऱ्या जागी कांडी टेकवायची, थोडा वेळ धरायची, पुढच्या जागी न्यायची. टोकाला लाल ठिपका दिसतो, तो फक्त जागा दाखवण्यापुरता. खरा किरण डोळ्यांना दिसतच नाही. तो कातडीच्या आत जातो, तिथल्या पेशींचं काम थोडं जोरात चालतं, सूज ओसरते, दुखणं कमी होतं, जखम भरायला हातभार लागतो. हातभारच म्हणते मी. व्यायाम, विश्रांती, औषध याला पर्याय म्हणून लेझर विकणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. काहींना फार चांगला गुण यायचा, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही.

राखोलीला धागा कंपनीत काम करणारा एक धुळ्याकडचा माणूस खांद्यासाठी यायचा. दिवसभर बॉबिनी चढवून त्याचा खांदा आखडला होता. पहिल्या दिवशी मी कांडी टेकवली आणि दोन मिनिटांनी तो चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, मशीन चालू शे ना?"

"चालू आहे."

"काहीच लागत नै ना पण. जरा जोर लावा ना."

जोर लावायची सोय त्या मशीनला नव्हती. मी त्याला पुष्कळ समजावलं, पण काही लागत नाही म्हणजे काही होत नाही, हे इथलं साधं गणित. इंजेक्शन टोचतं, म्हणून ते खरं. आठ-दहा दिवसांनी त्याचा हात कानापर्यंत जायला लागला, तरी त्याने श्रेय दिलं ते बायकोने चोळलेल्या तेलाला.

आणखी एक होते, आमच्याच बाजूचे, देवगडचे एक निवृत्त हेडक्लार्क. मधुमेह होता आणि पायाच्या अंगठ्याखाली न भरणारी जखम. त्यांचा फोटोंवर विश्वास नव्हता, म्हणून मी जखमेवर स्वच्छ प्लास्टिकचा पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड गिरवायचे. दर आठवड्याला एक कागद. तीन महिन्यांनी त्यांनी सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तेव्हा मोठ्या आकारात लहान, त्यात आणखी लहान असे आकार दिसले. हेडक्लार्कांनी कागद नीट जुळवून फायलीत लावले. हे गिरवायचं तंत्र माझं आवडतं होतं. ते मला पुढे कशासाठी वापरावं लागलं, तेच सांगायला बसले आहे.

मग दवाखान्यात नवीन मशीन आलं. जास्त ताकदीचं. यात किरण खोल जातो, वेळ कमी लागतो, आणि हात लावल्यासारखी ऊब जाणवते. ऊब जाणवते म्हटल्यावर काय विचारता! पेशंट खूश, डॉक्टर खूश, मी सगळ्यांत जास्त खूश. आता कुणी 'मशीन चालू शे ना' म्हणणार नव्हतं. कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवायला आला होता. या मशीनची कांडी एका जागी धरायची नाही, सतत फिरवत ठेवायची. गडद रंग किरण जास्त शोषतो आणि तिथे कातडी तापते, म्हणून टॅटूवर चालवायचं नाही. आणि पेशंटला सतत विचारत राहायचं. त्याने छापील फॉर्म दिला, त्यात प्रश्न होते: गरोदर आहे का, कॅन्सर झाला होता का, टॅटू आहे का. मी मान डोलावत होते. नवशिक्यासारखं मला काय शिकवतोस, असंही थोडं मनात होतं.

तेव्हापासून एक वाक्य माझ्या तोंडात बसलं. "लागलं तर सांगा हं." दिवसातून शंभरदा म्हणत असेन. घरी नवऱ्याच्या पाठीला बाम लावतानाही तेच म्हणायचे.

देवलीआजी नवीन मशीन आलं त्याच हिवाळ्यात आल्या. रांधा गावच्या, वारली, सत्तरीच्या पुढच्या, हाडाने काटक. सोबत नात, मनीषा. ती राखोलीच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि तिला अर्धा दिवसच सुट्टी मिळाली होती.

"बेन, आजीचा हात बघा ना. कोपरात एकदम पकडतो. सूप पण धरता येत नाही," मनीषा म्हणाली.

उजव्या कोपराच्या बाहेरची बाजू दुखत होती, आणि तिथून खाली मनगटाकडे कळ उतरत होती. हे दुखणं टेनिस न खेळणाऱ्यांनाच जास्त होतं, पण नाव टेनिसचं. आजींच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं. ठिपक्यांच्या तीन ओळी, मध्ये एक तुळशीवृंदावनासारखी आकृती, खाली पुन्हा ठिपके. जुनं, हिरवं-काळं पडलेलं. मला फार सुंदर वाटलं, आणि मी तसं म्हणालेही.

"माझ्या आयेनं करून घेतलेलं," आजी म्हणाल्या. "मी एवढीशी व्हती. मेल्यावर सगळं हितंच राहतं, बाय. चांदी राहते, लुगडं राहतं. हे तेवढं संगती येतं. आय वर बसलीय ना, ती हातच बघंल आन ओळखंल."

मी फॉर्म भरायला घेतला. गरोदर, नाही. कॅन्सर, विचारलं, नाही. टॅटू आहे का? मी 'नाही'वर खूण केली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. तो हात माझ्या समोर टेबलावर होता, त्याचं कौतुक मी एका मिनिटापूर्वी केलं होतं. पण टॅटू म्हणजे माझ्या मनात वापीच्या दुकानात पोरं काढून घेतात ते. गरुड, विंचू, इंग्रजीत मैत्रिणीचं नाव. गोंदण म्हणजे दागिना, संस्कृती, शाळेच्या स्नेहसंमेलनात कौतुकाने दाखवायची गोष्ट. कातडीखाली दोन्ही एकच आहेत, काळा रंग, हे माझ्या सुशिक्षित डोक्यात त्या क्षणी आलंच नाही.

आणि मला सांगणारं कुणी नव्हतं असंही नाही. चष्मा लावता लावता मनीषाने विचारलं, "बेन, हाच लेझर का गोंदण काढायचा? माझ्या फ्रेंडने वापीला हातावरचं नाव काढलं."

मी हसले. "अगं, तो लेझर वेगळा, त्याचं घराणं वेगळं. आमचा हा साधा गरीब माणूस आहे."

मनीषाही हसली. आजींनाही हसू आलं. मी मशीन चालू केलं.

कोपराच्या हाडापासून सुरुवात केली आणि कांडी फिरवत खाली स्नायूवर आले. "लागलं तर सांगा हं, आजी." आजींनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा मान. दुखरी गाठ आकृतीच्या बरोबर खाली होती, म्हणून मी तिथे हात सावकाश फिरवला. आजींचा चेहरा शांत होता. जबडा घट्ट होता, तो मी म्हातारपणाचा समजले. पहिल्यांदा शंका आली ती वासाने. केस जळल्यासारखा वास. मी कांडी उचलली, तोवर ठिपक्यांच्या ओळीवर कातडी पांढरी पडून फुगली होती.

थंड पाण्याखाली हात धरला. डॉक्टर आले. मी ओरडूनच विचारलं, "आजी, बोलला का नाहीत? इतकं भाजेपर्यंत?"

आजी माझ्याकडे नवलाने बघत होत्या. "बोलायचं असतं काय? गोंदताना आयेनं माझं तोंड दाबून धरलं व्हतं. ओरडलीस तर गोंदण अर्धं राहील, बोलली. मला वाटलं, हे पण तसंच. सोसलं तर गुण येतो."

डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि मला बाहेर बोलावलं. "काय झालं?"

"पेशंट बोलली नाही," मी म्हणाले.

फॉर्मच्या खाली, शेऱ्याच्या जागीही मी तेच लिहिलं. वारंवार विचारूनही रुग्णाने उष्णता जाणवल्याचे सांगितले नाही. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याच्याच वर, चार ओळी सोडून, 'टॅटू' समोर माझी 'नाही'ची खूण होती. डॉक्टरांनी ते वाक्य वाचून सही केली. आजींनीही आतून दुजोरा दिला, "हां, मी बोलली नाय. बेनची काय चूक?" इतकं खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मग आजी रोज यायला लागल्या, कोपरासाठी नाही, भाजलेल्या जागेसाठी. पहिल्याच दिवशी मी प्लास्टिकचा कागद ठेवून जखमेची कड गिरवली. दर वेळी कागद त्याच जागी बसावा म्हणून आजूबाजूचे आणि फोडाखाली दिसणारे ठिपकेही गिरवून घेतले, आकृतीच्या रेघाही घेतल्या. खुणा म्हणून. तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं.

जखम दोन ठिकाणी खोल होती. मी कपाटातून ते जुनं डब्यासारखं मशीन बाहेर काढलं, काहीच न लागणारं. जखमेच्या कडेने, गोंदण नसलेल्या कातडीवर, थोडा थोडा वेळ लावायचे, तेही आधी स्वतःच्या हातावर लावून. दुधाने पोळलेली बाई मी, ताक फुंकूनच पीत होते. आजी मात्र बिनघोर. त्यांना फक्त एकच विचारायचं असायचं.

"बाय, माझे ठिपके येतील ना?"

"जखम तर भरू दे आजी."

"जखम भरंल. जखमेचं काय मोठं. ठिपके?"

मला माहीत होतं. वरवर भाजलं तर रंग खाली राहतो. खोल भाजलं की नवीन कातडी येते, ती कोरी येते. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. दीड महिन्याने जखम बंद झाली. गुलाबी, पातळ, गुळगुळीत कातडी. एका ओळीतले पाच ठिपके गेले होते आणि वृंदावनाचा उजवा अर्धा भाग.

आजींनी खिडकीशी जाऊन हात उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अर्धंच राहिलं की." मग माझ्याकडे वळून, अगदी खरं उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "ओळखंल काय गं आय?"

मनीषा चष्मे खुंटीला अडकवत होती. पाठमोरीच, आवाज न चढवता ती म्हणाली, "मी विचारलं होतं बेन तुम्हाला."

तिला माझ्यावर ओरडायचं नव्हतं. मी विसरले असेन असं तिला वाटलं असावं. त्या दोघी गेल्यावर मी फायलीतून तो फॉर्म काढला, 'नाही' खोडून 'आहे' केलं, त्या दिवसाची तारीख घालून सही केली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, पोरीने विचारलेल्या प्रश्नासकट.

डॉक्टरांनी फॉर्म उचलून खोडलेली खूण पाहिली. "आता हे कशाला काढलंत? बाईंची तक्रार नाही."

"म्हणूनच," मी म्हणाले.

त्यांनी मला मशीनवरून काढलं नाही. काढलं असतं तर थोडं बरं वाटलं असतं. फॉर्म मात्र बदलला. आता त्यात 'अंगावर गोंदण आहे का' असं पहिल्या ओळीत आहे, मराठीत आणि गुजरातीत, आणि नुसतं विचारायचं नाही, स्वतः बघायचं, असंही आहे. शिवाय 'लागलं तर सांगा' एवढ्यावर भागवायचं नाही, हेही ठरलं. दर थोड्या वेळाने कांडी उचलायची, हाताच्या पाठीने कातडी चाचपायची. माणसं बोलत नाहीत. कुणी संकोचाने, कुणी आपल्यावर इतका खर्च होतोय म्हणून, कुणी कुणाच्या तरी आईने सांगितलं म्हणून. वेदना सांगता येणं ही एक शिकवलेली गोष्ट आहे, आणि आम्ही ती सगळ्यांना येते असं धरून चालतो.

वर्षभराने मनीषाचा फोन आला. आजीला अर्धं गोंदण पुरं करून घ्यायचंय, आता चालेल का? भरलेल्या कातडीवर वर्षभर काही करायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. मी आजींना बोलावून डाग पाहिला. कातडी पक्की झाली होती. कोपर तर केव्हाच बरं झालं होतं, व्यायामाने. हे सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

"चालेल," मी म्हणाले. "पण मी येणार."

आठवडी बाजारात एका कडेला गोंदणारी बाई बसते. हल्ली तिच्याकडे बॅटरीवर चालणारं सुईचं यंत्र असतं. मी दवाखान्यातून बंद पाकिटातली सुई आणि हातमोजे घेऊन गेले होते. ती हसली, पण सुई तिने घेतली. मग नक्षी कशी होती हा प्रश्न आला. आजींना आठवत होतं ते डाव्या हातावरून, पण डावा हात नेमका तसा नव्हता. त्यांच्या आईने दोन्हीत फरक ठेवला होता. मी पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढला. पहिल्या दिवसाचा. जखमेची मोठी वेडीवाकडी कड, आणि तिच्या आत पाच ठिपके, अर्धं वृंदावन.

आजींनी कागद हातावर ठेवला. उरलेले ठिपके कागदावरच्या ठिपक्यांवर बरोबर बसले. त्या कागदाकडेच बघत राहिल्या. "तू ठेवलंस व्हय हे?"

"आजी," मी म्हणाले, "चूक माझी होती. तुम्ही बोलला नाहीत म्हणून नाही झालं ते. मला दिसायला हवं होतं. मी कागदावर तुमच्यावर ढकललं."

बाजाराचा गलका होता. बाजूला सुकी मासळी विकायला होती, मनीषा पर्स छातीशी धरून उभी होती. आजींनी ऐकलं की नाही कळेना. त्यांनी पथारीवर बसकण मारली, डाग असलेला हात त्या बाईच्या मांडीवर ठेवला आणि दुसरा माझ्याकडे पुढे केला. "धर."

मी धरला. यंत्र घुरघुरायला लागलं. एक ठिपका, दुसरा, तिसरा. नव्या कातडीवर सुई जास्त लागते, हे मला माहीत होतं. मी सवयीने म्हणून गेले, "लागलं तर सांगा हं." आणि लगेच जीभ चावली. जबडा तसाच घट्ट, नजर समोर. चौथा ठिपका. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडे बघत राहिले, बोटं किती आवळतात ते.

पाचवा ठिपका टेकला तेव्हा आजींनी मला जवळ ओढलं, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एकदा वर आभाळाकडे बघून, आयेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

"लागतंय, बाय."

"थांबा," मी त्या बाईला म्हणाले. "जरा थांबा."